माया, मेरित आणि आपली वीरगळ

जुलै २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्यात आली, तीही तीन वर्षांपुरतीच. पुढच्या वर्षी रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने लिलावात घेतली. तेव्हापासून आमच्या नातेवाइकांच्या गटावर वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, सगळं परत आणा. दुसरी म्हणते, तिकडे होतं म्हणून तरी टिकलं. मी नेदरलँड्समधल्या लायडनला राहतो, इथल्या पुरातत्त्व संग्रहालयात नेहमी जातो, आणि दुसऱ्या बाजूचं म्हणणं मला अजिबात पटत नाही.

इथे माया आणि त्याची पत्नी मेरित यांचे चुनखडीचे पुतळे आहेत. मेरितच्या हातात मेनात, म्हणजे मण्यांचा भरगच्च हार. अंगावर कोरलेले लेख. माया हा प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामुन याचा खजिनदार. राजाच्या थडग्यात त्याने स्वतःचं नाव घालून एक लाकडी मूर्ती ठेवली: पलंगावर निजलेला राजा. शिवाय एक उशब्ती, परलोकात शेतकामाला बोलावणं आलं तर धन्याच्या वतीने ‘हा मी’ म्हणणारी बाहुली. पुढे होरेमहेब राजाच्या कारकिर्दीच्या आठव्या वर्षी आधीच्या एका राजाचं, चौथ्या थुतमोसचं, दफन नीट लावून मायाने तशी नोंद तिथल्या भिंतीवर लिहवली. दुसऱ्याच्या थडग्याची एवढी काळजी घेणारा हा माणूस!

त्याचं स्वतःचं थडगं मात्र हरवलं. पुतळे १८२८ च्या खरेदीत लायडनचे झाले. लेप्सियस या जर्मन अभ्यासकाने १८४३ मध्ये इजिप्तमधल्या सक्कारात ती जागा पाहिली, मग ती पुन्हा वाळूखाली गेली. ब्रिटिश-डच पथक १९७५ पासून शोधत होतं; आधी होरेमहेबचंच थडगं हाती लागलं, मायाचं १९८६ मध्ये. पुतळे शाबूत राहिले, पण घरापासून तुटून. याला मी जपणूक म्हणणार नाही. इजिप्तने मागितले तर लायडनने ते द्यावेत. नेदरलँड्सने २०२३ मध्ये इंडोनेशिया आणि श्रीलंकेला ४७८ वस्तू परत केल्याच आहेत.

पण ‘परत आणा’ म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. माझ्या आजोळी देवळामागची वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड, ऑइलपेंटने रंगवली, मग चौथरा बांधताना भिंतीत चिणली. आधी ती कुठे उभी होती, कोणी लिहून ठेवलं नाही. शेजारच्या गधेगाळीवर, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या दगडावर, लेख आहे, त्याचा साधा फोटोही पंचायतीकडे नाही. काही तरुण मुलं पदरमोड करून असे दगड नोंदवत फिरतात. त्यांना गावाने जेवण आणि नोंदींसाठी एक वही तरी द्यावी. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या, म्हणून मी मामाला पत्र लिहिलंय.