म्हणे, कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही!

गेला आठवडाभर एक मजकूर फिरतोय. सोबत हॉकी स्टिक उगारलेल्या, अवतार झालेल्या शाळकरी मुलींचा फोटो. मजकुराचं म्हणणं असं: १९६६ चा 'द ग्रेट सेंट ट्रिनियन्स ट्रेन रॉबरी' हा ब्रिटिश विनोदी सिनेमा सत्यकथा आहे, त्यातली सेंट ट्रिनियन्स ही मुलींची शाळा खरी होती, रेल्वे लुटणारे चोर खरोखरच तिथल्या मुलींनी पकडून दिले, आणि चोर इतके सभ्य की कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. मी वाचून सोडून दिलं होतं. पण तो बाबांपर्यंत पोचला. बाबा भुसावळला मेलगाडीवर ड्रायव्हर होते. त्यांनी फोन करून एवढंच विचारलं, "ड्रायव्हरला खरंच काही केलं नाही का रे?"

केलं, बाबा. सिनेमाने ज्याची टर उडवली तो खरा दरोडा असा: ८ ऑगस्ट १९६३, पहाटे तीनची वेळ, ग्लासगोहून लंडनला निघालेली टपालगाडी. टोळीने हिरव्या सिग्नलवर हातमोजा चढवला आणि बॅटरी जोडून लाल दिवा पेटवला. गाडी थांबली. असिस्टंट सिग्नलपाशी फोन करायला उतरला, तर तारा कापलेल्या. इकडे ड्रायव्हर जॅक मिल्सच्या डोक्यात दांडका घातला. टोळीने स्वतःचा ड्रायव्हर आणला होता, पण त्या गड्याला हे डिझेल इंजिन हलवताच येईना! मग रक्तबंबाळ मिल्सलाच पुन्हा बसवून पुढच्या पुलापर्यंत गाडी न्यायला लावली. तो १९७० मध्ये ल्युकेमियाने गेला, त्यामुळे मृत्यूचं खापर त्या फटक्यावर फोडता येणार नाही. पण पुरता सावरला तो कधीच नाही.

माझं ऐकू नका, न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांचं ऐका. १९६४ मध्ये सातजणांना प्रत्येकी ३० वर्षं ठोठावताना त्यांनी बजावलं होतं, की यात धाडसबिडस काही शोधू नका, हा हावेपोटी केलेला हिंसक गुन्हा आहे. आणि शंका असेल त्याने त्या खचलेल्या ड्रायव्हरकडे बघावं. टोळीकडे बंदुका नव्हत्या, हे खरं. बरं, मग?

मुलींचं दोन वाक्यांत. सिनेमात लूट एका जुन्या वाड्यात लपवलेली असते आणि नेमकी तिथेच ही वात्रट शाळा राहायला येते, टोळीचा म्होरक्या तर केशकर्तनकार. प्रत्यक्षात चोर लपले होते एका शेतघरात, संशय आला शेजारच्या गुराख्याला, आणि बरेचसे पकडले गेले मागे सोडलेल्या बोटांच्या ठशांवरून, त्यातले काही मोनोपॉलीच्या खेळावरचे. २६ लाख पौंडांतली बहुतेक रक्कम कधी मिळालीच नाही. मुलींनी चोर पकडून दिले असते तर ती मिळाली नसती का?

'शाळा खरी होती', यात मात्र अर्धं तथ्य आहे. एडिंबरात जवळपास त्याच नावाची शाळा होती, व्यंगचित्रकार रोनाल्ड सर्ल यांनी आपल्या व्यंगचित्रांतल्या शाळेसाठी नाव तिथून उचललं आणि १९४१ मध्ये पहिलं चित्र काढलं. पण हा उपद्व्याप त्यांच्या पेनातला, तिथल्या मुलींचा नव्हे.

सिनेमा मात्र बघा, धमाल आहे. शेवटचा गाड्यांचा पाठलाग लाँगमूरच्या लष्करी रेल्वेमार्गावर चित्रित केलाय. बाबांनी तेवढा भाग दोनदा मागे घेऊन पाहिला.