तोफेचं गणित आणि निळी तबकडी

नमस्कार.

जुन्या विज्ञानकथांवरच्या माझ्या लेखाला दिलेल्या एवढ्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार, टोमण्यांसकट. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: जुन्या विज्ञानकथांतली खरी ठरलेली चार यंत्रं वेचून मी लेखकांना भविष्यवेत्ते करून टाकलं, फसलेली शंभर मात्र झाकून ठेवली; फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या कादंबरीत तोफेतून चंद्राकडे निघालेले लोक नळीतच मेले असते; आणि इंग्रज लेखक एच. जी. वेल्सचा अणुबॉम्ब म्हणजे अंधारात मारलेला दगड.

आधी कबुली. ‘पाणबुडीची कल्पना व्हर्नची’ हे माझं वाक्य साफ चुकीचं होतं. व्हर्नची ‘नॉटिलस’ पाणबुडीची कादंबरी १८७०ची, तर अमेरिकन अभियंता रॉबर्ट फुल्टनची खरीखुरी ‘नॉटिलस’ १८०० सालीच पाण्याखाली जाऊन आली होती. वाक्य काढून टाकलंय.

तोफेचं म्हणाल तर काल रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. नळी ९०० फूट, तळाची सुमारे १८० फूट स्फोटकाने भरलेली. उरलेल्या सुमारे ७०० फुटांत गोळ्याचा वेग शून्यावरून सेकंदाला सुमारे ११ किलोमीटरवर न्यायचा. त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या पंचवीस हजार पटींहून जास्त येतं! धक्का सोसावा म्हणून व्हर्नने गोळ्याच्या तळाशी पाणी भरलंय, पण एवढ्या रेट्यापुढे त्या पाण्याचं काय चालणार? गोळ्यातल्या तिघांचाही लगदा. तुम्ही जिंकलात. फक्त एक लक्षात घ्या, हे गणित आपल्याला मांडता आलं, कारण १८६५मध्ये त्या गृहस्थाने लांबी, वेग, स्फोटकाचं वजन, सगळं छापून ठेवलं. वेल्सच्या १९०१च्या चांद्रकथेत गुरुत्वाकर्षण अडवणारा पदार्थ आहे. त्याचं असं गणित मांडून दाखवा. (व्हर्नचीही वेल्सबद्दल हीच तक्रार होती.)

वेल्सच्या बॉम्बवर मात्र मी मागे हटणार नाही. १९१४च्या त्याच्या ‘द वर्ल्ड सेट फ्री’ या कादंबरीतला तपशील आज वाचला तर हसू येतं, हे खरं. दोन फूट व्यासाचा काळा गोळा, त्याला मुठी, मुठींच्या मध्ये सेल्युलॉइडची एक खुंटी. विमानातल्या माणसाने मान वाकवून ती दातांनी तोडायची, म्हणजे हवा आत शिरते, आणि मग गोळा हातानेच खाली टाकायचा. तो एकदा फुटून संपत नाही, दिवसेंदिवस धुमसत राहतो. पण लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाने ही कादंबरी १९३२ साली वाचली. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये त्याला अणूंच्या शृंखला-अभिक्रियेची (एका अणूच्या अभिक्रियेतून पुढच्या अणूंची सुरू होत जाणं) कल्पना सुचली. तिचं पेटंट गुप्त राहावं म्हणून त्याने ते ब्रिटिश नौदलाच्या खात्याकडे सोपवलं, आणि यातून काय घडू शकतं हे आपल्याला वेल्स वाचून ठाऊक होतं, असं नंतर सांगितलं. दगड अंधारातला असेलही, लागला कुणाला ते बघा.

माझं खरं भांडण तुमच्या तपासण्याच्या पद्धतीशी आहे. यंत्र आलं तर बरोबरची खूण, नाही आलं तर फुली. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टरची १९०९ची ‘द मशीन स्टॉप्स’ ही कथा घ्या (लेखात ती राहूनच गेली, हा आक्षेप तुम्ही कसा घेतला नाहीत?). जमिनीखालच्या खोलीत वाश्ती नावाची बाई एकटी राहते. मुलगा पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला. त्याचा निरोप येतो, ती हातात गोल तबकडी धरून बसते, आणि तबकडी उजळायला पंधरा सेकंद लागतात म्हणून वैतागते: लवकर कर, अंधारात माझा वेळ वाया जातोय. मग निळा उजेड, मग त्याचा चेहरा. तो म्हणतो, मला तुला यंत्रातून नाही, समोर बघायचंय. तिला वाटतं, हा उदास दिसतोय. पण खात्री नाही, कारण चेहऱ्यावरच्या बारीक छटा यंत्र पोचवतच नाही. (गेल्या रविवारी आई फोनवर ‘मी बरी आहे रे’ म्हणाली तेव्हा तिचा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटला होता. खरंच बरी होती का, ते मला कळलं नाही.)

तबकडी आली का, एवढंच तुम्ही तपासणार असाल, तर त्या ‘पण खात्री नाही’ला गुण कुठल्या रकान्यात देणार?