टाकी मोठी केली म्हणून शॉवर जोरात येत नाही

‘पाण्याला प्रेशर नाही? 500 लिटरची टाकी काढा, 2000 लिटरची बसवा, चौपट प्रेशर मिळेल’ असा मेसेज सध्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. आमच्या आत्याने तो वाचून टाकीचं कोटेशनही मागवलं, म्हणून हा खटाटोप.

दाब ठरतो पाण्याच्या उंचीवर, लिटरवर नाही. टाकी ऐसपैस असो की चिंचोळी, पाण्याची उंची तीच तर तळाशी दाब तोच, हे सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाने 1586 साली छापून ठेवलंय. घनता गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, झालं सूत्र. यात लिटर कुठे आहेत ते दाखवा. आत्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहते. टाकीतलं पाणी तिच्या शॉवरच्या दीड मीटर वर धरू. 1000 × 9.81 × 1.5 = 14,715 पास्कल, म्हणजे जेमतेम 0.15 बार (1 बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका दाब), किंवा पीएसआयमध्ये, म्हणजे दर चौरस इंचाला पौंडात, दोनच्या आसपास. शॉवर ठिबकणारच! नवी टाकी अर्धा मीटर जास्त उंच असली आणि काठोकाठ भरली, तरी भर पडेल 0.05 बारची. चौपट होईल ते वजन. 2000 लिटर म्हणजे दोन टन पाणी, तेही पावसाळ्यात गळणाऱ्या जुन्या स्लॅबवर. मेसेजमध्ये स्लॅबबद्दल अवाक्षर नाही. त्यापेक्षा आहे तीच टाकी लोखंडी स्टँडवर दोन मीटर उचलली तर 0.2 बार वाढतो, म्हणजे दुपटीहून जास्त. अर्थात तेही इंजिनिअरला दाखवूनच.

मेसेजमधला पुढचा शोध: ‘1 मीटर म्हणजे 1 बार, म्हणून टाकी 9 मीटर वर असेल तर 8 बारचा गिझर फुटतो.’ (8 बारचा म्हणजे तेवढा दाब सोसणारा.) एक शून्य खाल्लंय महाशयांनी. 1 बारला 10.2 मीटर पाणी लागतं. 8 बार म्हणजे ऐंशीएक मीटर, पंचविसेक मजले. गिझर फुटतो तो थर्मोस्टॅट बिघडून आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तुंबून. ठिबकतो म्हणून तो व्हॉल्व्ह बूच मारून बंद करणारे प्लंबर मी पाहिलेत. त्याबद्दल करा की मेसेज.

पीएसआय आणि मीटर एकच समजून केलेला मेसेजमधला तक्ता तर सोडूनच देतो. 1 पीएसआय म्हणजे 70 सेंटिमीटर पाणी.

राहिला मेसेजमधला ‘जाड पाईपने प्रेशर वाढतं’ हा मुद्दा. नळ बंद असताना काडीचाही फरक पडत नाही. पण नळ सोडल्यावर घर्षणात वाया जाणारा दाब जाड पाईपमध्ये कमी होतो, धार सुधारते, एवढं मान्य करावं लागेल. आत्याचा अर्ध्या इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाईप आतून गंजाने निम्मा बुजलाय. आधी तो बदलायला सांगितलंय.