डीएनए म्हणजे तांब्याची वायर नव्हे
डीएनएतून वीज कशी वाहते यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं 'डीएनएमधून वीज तारेतल्यासारखी वाहते' हे वाक्य खटकलं म्हणून लिहितोय, मी सोलापुरात बारावीला केमिस्ट्री शिकवतो आणि पोरं नेमकं असंच एखादं वाक्य पाठ करून येतात बघा. तांब्यात इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात, डीएनएत तसं काही नाही. तिथं बेसच्या, म्हणजे ए, टी, जी, सी या चार घटकांच्या, चपट्या जोड्या ०.३४ नॅनोमीटर अंतरानं एकावर एक रचलेल्या असतात, त्यांच्या इलेक्ट्रॉनचे ढग एकमेकांना भिडतात आणि त्यातून चार्ज सरकतो. चार बेसमध्ये ग्वानिनचा इलेक्ट्रॉन सगळ्यात सहज निघतो, तो गेला की तिथं पॉझिटिव्ह होल, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, उरतं, मग दुसऱ्या ग्वानिनचा इलेक्ट्रॉन तिथं येतो आणि होल त्याच्याकडं जातं. एसटीत पुढची सीट रिकामी झाली की मागचे एकेक जण पुढं सरकतात आणि रिकामी सीट मागं मागं जाते, अगदी तसंच. दोन ग्वानिनच्या मधे एटी (अ‍ॅडेनिन-थायमिन) जोड्या थोड्या असल्या तर टनेलिंग, म्हणजे मधल्या जोड्यांवर न थांबता चार्ज थेट पलीकडं, तीन-चारच्या पुढं गेलं की अ‍ॅडेनिनवरूनच उड्या, आणि मग अंतर वाढलं तरी वेग फारसा पडत नाही, हे मला फार भारी वाटतं.

अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जॅकलिन बार्टन यांच्या १९९३ च्या प्रयोगाचा उल्लेख हवाच होता, १५ जोड्यांच्या डीएनएतून इलेक्ट्रॉन झटकन जातो असं सांगणारा, त्यावर पुढं कितीतरी वर्षं वाद चालला. आणि खरी कामाची गोष्ट तर राहूनच गेली की ओ! मधली एक जरी जोडी चुकीची बसली तरी रचना बिघडते नि करंट एकदम घटतो, यावरूनच म्युटेशन (डीएनएतले बदल) ओळखणारे सेन्सर बनवलेत. त्यावर सविस्तर लिहा, पोरांना वाचायला देतो.