३२ बिटांचे पुरुमेंत

गोव्यातील शहाणी माणसे मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात आणि सुकी मासळी, आमसुले, मिरच्या घरात आल्या की पावसाला खुशाल कोसळू देतात. त्याच धोरणाने मी फोंडा तालुक्यातील आमच्या देवस्थानाच्या संगणकाची संपूर्ण सिस्टिम इमेज, म्हणजे विंडोजसकट साऱ्या डिस्कची हुबेहूब प्रत, दर उन्हाळ्यात बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून ठेवत असे, कारण अभिषेकाच्या पावत्यांपासून महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांच्या, यादीपर्यंत सारा संसार विंडोज ७ च्या त्या एका यंत्रात होता. मृगाच्या पहिल्याच गडगडाटात त्याचा मदरबोर्ड जळाला, तेव्हा खजिनदारांनी घाबऱ्या आवाजात विचारले, "मास्तर, सगळे आहे ना?" मी रुबाबात सांगितले की सगळे आहे.

सगळे होतेच. प्रश्न ते ठेवायचे कुठे, हा होता.

कमिटीने विंडोज ११ चा नवा संगणक आणला. विंडोज ११ केवळ ६४ बिटांतच मिळते (बिटांचा आकडा म्हणजे यंत्र एका घासात किती माहिती घेते त्याचे माप), आणि आमची इमेज होती ३२ बिटांची. ६४ बिटांच्या रिकव्हरी पेन ड्राइव्हने, म्हणजे इमेज परत उतरवणाऱ्या साधनाने, तिला हात लावण्याचे नाकारले. ३२ बिटांची रिकव्हरी डिस्क तयार केली, तर तिला यंत्र सुरू करून देणारा जुन्या पद्धतीचा बायोस हवा होता आणि नव्या यंत्रात त्याचा वारस यूईएफआय याशिवाय काही नव्हते, त्यामुळे ती सुरूच होईना. शिवाय ही इमेज मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर उतरत नाही. जुनी डिस्क ५०० जीबीची, नवी २५६ ची. जुनीवर भरलेला ऐवज जेमतेम ४० जीबीचा होता, हा युक्तिवाद ऐकून घेण्याची सोय इमेज उतरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नाही. समजा हे सारे जमलेच असते, तरी विंडोज ७ जवळ यूएसबी ३ च्या नव्या जोडण्या चालवणारे ड्रायव्हर नसल्याने माउस आणि कीबोर्ड मुके राहण्याची भीती होतीच. थोडक्यात, जे यंत्र गेले म्हणून इमेज काढून ठेवायची, ते यंत्र जिवंत असेल तरच ती विनातक्रार बसते. विम्याचे पैसे मिळण्यासाठी मयताने स्वतः हजर राहावे, अशी ही अट मला वाटली.

खजिनदार रोज संध्याकाळी आरतीनंतर येत, पडद्यावरील इंग्रजी संदेश भक्तिभावाने वाचत आणि "देव पाहून घेईल" असे म्हणून माझ्यावरचा विश्वास किती उरला आहे ते कळवून जात.

शेवटी इमेजच्या फोल्डरात शिरलो. आत व्हीएचडी प्रकारची फाईल असते, म्हणजे एका फाईलीत मावलेली डिस्क. ती डिस्क मॅनेजमेंटमधून जोडली की जुनी डिस्क एखाद्या साध्या ड्राइव्हसारखी उघडते आणि तिथे बिटांचा भेदाभेद नाही. महाजनांची यादी सुखरूप निघाली. पावत्यांचा कार्यक्रम (प्रोग्रॅम) मात्र विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळातला, १६ बिटांचा, आणि तसले कार्यक्रम ६४ बिटांचे विंडोज चालवत नाही. तेव्हा नव्या यंत्रात एक आभासी यंत्र, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा सोंगाचा संगणक, उभे केले, त्याला बायोस दिला आणि आपल्याला ५०० जीबीची डिस्क आहे अशी थापही मारली, जी त्याने निमूटपणे खरी मानली. ३२ बिटांची रिकव्हरी डिस्क तिथे पहिल्या फटक्यात चालली आणि इमेज बसली. पैशाचे सोंग आणता येत नाही म्हणतात, बायोसचे येते.

विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० नंतर सुरक्षेचे मोफत अपडेट मिळत नाहीत, म्हणून त्याला इंटरनेटपासून दूर ठेवले. त्याचा परवाना मात्र जळालेल्या यंत्राशी बांधलेला. काही दिवसांतच ही प्रत अस्सल नसल्याची सूचना झळकली आणि पडदा काळाकुट्ट झाला.

"देवस्थानात काळा पडदा बरा नव्हे, मास्तर," खजिनदार म्हणाले. मी तिथे देवाचा फोटो लावून दिला. विंडोज तो दर तासाला पुसून पुन्हा काळे करते, आणि खजिनदार अभिषेकाच्या दोन पावत्यांच्या मध्ये, चष्मा कपाळावर सारून, तो पुन्हा लावतात. परवा ते सुट्टीवर गेले तेव्हा हे काम त्यांनी पुजाऱ्यांच्या नित्यविधीत लिहून दिले.