एका दाताचा हिशेब: ‘इम्प्लांट हाच एकमेव मार्ग’ या दाव्याला उत्तर

गेल्या महिन्यात बासष्ट वर्षांच्या एक बाई माझ्यासमोर बसल्या होत्या. खालची शेवटची दाढ काढून पाच महिने झाले होते. त्या मुदत ठेव मोडायला निघाल्या होत्या आणि ‘उशीर तर झाला नाही ना?’ असं विचारताना त्यांचा आवाज कापत होता. त्यांच्या फोनवर तोच मजकूर होता, जो मला आजवर निदान वीस जणांनी पाठवला आहे.

मजकूर थोडक्यात असा: ‘दात गेला की तीन महिन्यांच्या आत इम्प्लांट (हाडात रोवलेल्या स्क्रूवरचा दात) बसवा. नाहीतर हाड विरघळतं, शेजारचे दात सरकतात, चेहरा बसतो. ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने मधे बसवलेला दात) म्हणजे एका दातासाठी दोन निरोगी दातांचा बळी. कवळी म्हातारपणासाठी. इम्प्लांटला कीड लागत नाही, वयाची अट नाही, खर्च एकदाच आणि दात जन्मभराचा. जगातल्या पहिल्या रुग्णाचे इम्प्लांट चाळीस वर्षं टिकले, आणखी कसला पुरावा हवा?’

मी दंतवैद्य आहे. इम्प्लांट बसवते आणि योग्य तोंडात तो बसला की त्याच्यासारखं समाधान नाही, हे अनुभवाने सांगते. म्हणूनच हा मजकूर मला सहन होत नाही. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्यावर माणसं साठवलेले पैसे मोडतात.

‘प्रत्येक गेलेला दात बसवलाच पाहिजे’

नाही. दात कुठला गेला, यावर सगळं अवलंबून आहे. नेदरलँड्समधल्या नायमेगन इथे दंतसंशोधक कायसर यांनी १९८१ साली दाखवून दिलं की मागच्या दाढा नसल्या तरी पुढचे दात आणि लहान दाढा शाबूत असतील तर बहुतेक माणसं व्यवस्थित चावू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही १९९२ साली किमान २० दात असलेलं तोंड कामापुरतं सक्षम मानलं.

गेलेल्या दाताच्या समोरचा, म्हणजे वरच्या किंवा खालच्या जबड्यातला जोडीचा दात आधार नसल्याने लांबत जातो, ही भीती खोटी नाही. पण तिचं माप काय? किलियारिडिस आणि सहकाऱ्यांनी २००० साली, समोर दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ दात नसलेल्या ८४ दाढा मोजल्या. २४ टक्के दाढा दोन मिलिमीटरपेक्षा जास्त लांबल्या होत्या. १८ टक्के अजिबात हलल्या नव्हत्या. उरलेल्या मधल्या. म्हणजे धोका आहे, पण सगळ्यांना सारखा नाही, आणि दर सहा महिन्यांनी मोजत राहिलं तर तो वेळेत कळतो.

हसताना दिसणारा दात, समोर मजबूत दात असलेली पहिली दाढ, किंवा त्या बाजूने चावणंच बंद झालंय अशी जागा असेल, तर दात बसवा. शेवटची दाढ असेल आणि समोरही काही नसेल, तर काहीच न करणं हासुद्धा पूर्ण विचारांती घेतलेला उपचाराचा निर्णय असू शकतो. त्या बाईंच्या बाबतीत वरची दाढही आठ वर्षांपूर्वी गेली होती. खाली बसवलेला दात चावणार कशावर?

‘तीन महिन्यांत नाही केलं तर हाड विरघळेल’

दात काढल्यावर हाडाची रुंदी वर्षभरात साधारण निम्म्याने कमी होते आणि त्यातली दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होते, हे दाढांवर झालेल्या २००३ च्या अभ्यासात मोजलेलं आहे. नंतर वेग खूप मंदावतो. त्यामुळे ज्याचा दात काढून दोन वर्षं झाली, त्याला ‘याच आठवड्यात या’ म्हणणं निव्वळ घाबरवणं आहे. तसंच काढल्या काढल्या इम्प्लांट बसवला तरी हाडाची झीज थांबत नाही, हेही अभ्यासांतून स्पष्ट झालंय. घाईचा खरा मुद्दा वेगळा आहे: पुढे इम्प्लांट करायचाच असेल, तर दात काढण्याआधीच तसं डॉक्टरांशी बोला, म्हणजे खळगा जपून दात काढता येतो आणि गरज असल्यास त्यात हाडाची भर घालता येते.

आणि गाल बसतात ते सगळे दात गेल्यावर. एका दाताने चेहरा बसत नाही.

‘ब्रिज म्हणजे दोन दातांचा बळी’

यात तथ्य आहे, म्हणून नीट सांगते. पूर्ण कॅपसाठी (दातावर चढवायचं कवच) दात यंत्राने घासून लहान करताना, दाताच्या दिसणाऱ्या भागाचा सुमारे दोन-तृतीयांश जातो. शेजारचे दोन्ही दात अगदी कोरे असतील तर मीही ते घासायला तयार होत नाही. पण त्यांचं आधीच रूट कॅनाल झालं असेल, मोठी सिमेंटं भरलेली असतील, आज ना उद्या त्यांना कॅप लागणारच असेल, तर ब्रिजने तीन कामं एकदम होतात. अशा वेळी इम्प्लांट सुचवणं म्हणजे त्या दोन दातांचा खर्च लपवणं आहे.

शिवाय मजकुराने एक पर्याय गाळलाच आहे: चिकटवलेला ब्रिज. शेजारच्या दाताच्या मागच्या बाजूला एक पातळ पंख चिकटवायचा, दात जवळजवळ घासायचाच नाही. पुढच्या दातांसाठी एकाच पंखाचा ब्रिज दोन पंखांच्या ब्रिजपेक्षा बऱ्याचदा चांगला टिकतो, कारण दोन दात वेगवेगळे हलतात आणि एक पंख नकळत सुटून आत कीड धरते. हा निघालाच तर बहुतेक वेळा पुन्हा चिकटवता येतो.

‘वयाची अट नाही’ हे वाक्य मला इथेच सर्वात जास्त खटकतं. चौदा वर्षांच्या मुलाचा पुढचा दात पडून तुटला, तर त्याला इम्प्लांट बसवायचा नसतो. इम्प्लांट हाडाला थेट जखडलेला असतो. बाकीचे दात वाढीबरोबर खाली येत राहतात, तो मात्र जागच्या जागी राहतो आणि काही वर्षांत आखूड, वर अडकलेला दिसू लागतो. वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावंच लागतं. तोवर चिकटवलेला ब्रिज हाच त्या मुलाचा दात.

‘खर्च एकदाच, दात जन्मभराचा’

आधी तो पहिला रुग्ण. स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली योस्ता लार्सन यांच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. २००६ साली लार्सन वारले तेव्हाही ते जागेवर होते. वैद्यकाच्या इतिहासातली ही सुंदर गोष्ट आहे. पण टिकला तो हाडातला स्क्रू. तुम्ही चावता ते वरच्या कॅपने.

हा फरक आकड्यांतही दिसतो. एका दाताच्या इम्प्लांटवरचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१२ साली काढलेला अंदाज असा: दहा वर्षांनी सुमारे ९५ टक्के इम्प्लांट जागेवर, पण त्यांच्यावरच्या मूळ कॅप सुमारे ८९ टक्के. नेहमीच्या ब्रिजचाही दहा वर्षांचा आकडा ८९ च्या आसपासच येतो. म्हणजे दोन्हीकडे दुरुस्ती ठरलेली आहे, फक्त तिचा प्रकार निराळा. कॅपचा टवका उडतो, आतला स्क्रू सैल होतो, कधी मोडतो. पंधरा वर्षांनी स्क्रू बदलायची वेळ आली आणि इम्प्लांट कुठल्या कंपनीचा, किती जाडीचा याची नोंदच नसेल, तर साधं काम अवघड होऊन बसतं. ती नोंद कागदावर मागून घ्या आणि जपून ठेवा.

‘इम्प्लांटचा दर’ म्हणून सांगितलेला आकडा बऱ्याचदा फक्त स्क्रूचा असतो. स्कॅन, मधला जोड, कॅप, तात्पुरता दात, हाड भरावं लागलं तर ते, वरच्या दाढेसाठी सायनस (दाढांच्या वरची हाडातली पोकळी) उचलावा लागला तर तो, हे सगळं एका कागदावर लिहून मागा. ब्रिजबद्दलही तेच: एका दाताच्या जागी तीन कॅपचे पैसे असतात.

मग तो दात तुम्हाला अजून किती वर्षं लागणार, त्याने भागून बघा. तिशीतल्या माणसाला हा दात चाळीस-पन्नास वर्षं लागणार. त्याला ब्रिज दोन-तीनदा बदलावा लागेल, आणि दर वेळी आधाराचे दात आणखी कमकुवत होत जातील. शेजारचे दात कोरे असतील तर त्याच्यासाठी महाग वाटणारा इम्प्लांटच शेवटी स्वस्त पडण्याची शक्यता जास्त. पंचाहत्तरीतल्या माणसाचा हिशेब पूर्ण वेगळा.

‘कीड लागत नाही’

टायटॅनियम किडत नाही, खरं आहे. पण भोवतालची हिरडी सुजते आणि ती सूज हाड खात जाते. वेगवेगळ्या अभ्यासांचा २०१५ सालचा एकत्रित अंदाज असा की इम्प्लांट असलेल्या दर पाच माणसांत साधारण एकाला हाडापर्यंत पोहोचलेला हा आजार होतो. आजाराची व्याख्या बदलली की आकडा बदलतो, पण तो शून्य कधीच नसतो. धूम्रपान, ताब्यात नसलेला मधुमेह आणि आधीचा हिरड्यांचा आजार असेल तर धोका वाढतो. ज्या हिरड्यांनी दात गमावला, त्याच हिरड्यांत इम्प्लांट रोवायचा असेल तर आधी त्या बऱ्या करायला हव्यात.

कवळीबद्दल थोडंच: काढती छोटी कवळी कुणालाच फारशी आवडत नाही. पण जखम भरेपर्यंत, पैसे साठेपर्यंत, किंवा दोन्ही बाजूंचे बरेच दात गेले असतील तर ती उपयोगी आहे, आणि तिच्यासाठी काहीही कापावं लागत नाही. तिला वयाशी जोडणं चूक आहे.

त्या बाईंच्या हिरड्यांतून ब्रश लावताच रक्त येत होतं, आणि मोकळ्या जागेच्या शेजारची दाढ थोडी हलत होती. आम्ही इम्प्लांटवर बोललोच नाही. चार भेटींत हिरड्यांची खोल सफाई केली, दातांमधला छोटा ब्रश कसा फिरवायचा ते शिकवलं. मुदत ठेव मोडली नाही. मागच्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा रक्त थांबलं होतं, शेजारच्या दाढेचं हलणंही कमी झालं होतं. आता तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं आहे.