तोफा संसदेने अडवल्या नाहीत

‘सैन्याला काय हवं ते सैन्याला ठरवू द्या, खासदारांनी आणि कॅगने (सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी) त्यात नाक खुपसू नये’ असं बजावणारा एक मजकूर मराठी ग्रुपांवर पुन्हा पुन्हा फिरतो. अर्थसंकल्पाच्या सुमारास, किंवा सीमेवर काही घडलं की हमखास. त्यातले मुद्दे ठरलेले आहेत. बोफोर्सवरून संसदेत गदारोळ झाला म्हणून तीस वर्षं नवी तोफ आली नाही. प्रत्येक खरेदी संसदीय समित्यांकडे अडकून पडते. कॅग दारूगोळ्याचे आकडे छापून शत्रूला गुपितं देतं. बलाढ्य देशांत संसद अशी लुडबूड करत नाही. आणि खासदारांना शस्त्रांतलं कळतं तरी काय? शेवटी मागणी अशी की संरक्षण खरेदी संसद आणि कॅगच्या कक्षेबाहेर काढावी.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांना सैनिकाची खरोखर काळजी असते. मलाही आहे, आणि म्हणूनच ही मागणी मला धोकादायक वाटते.

बोफोर्सपासून सुरुवात करू, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. २४ मार्च १९८६ रोजी स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी तोफांचा सुमारे १,४३७ कोटींचा करार झाला. १६ एप्रिल १९८७ रोजी स्वीडिश रेडिओने दलालीची बातमी दिली. त्याच वर्षी बी. शंकरानंद यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली. प्रमुख विरोधी पक्षांनी तिच्यावर बहिष्कार घातला आणि १९८८ मध्ये समितीने सरकारला जवळजवळ निर्दोष ठरवलं. १९८९ मध्ये कॅगचा अहवाल आला, त्यात निवडप्रक्रियेवर ताशेरे होते, आणि विरोधी खासदारांनी लोकसभेचे सामूहिक राजीनामे दिले. या साऱ्या घटनाक्रमात ‘यापुढे तोफा घेऊ नका’ असं संसदेने किंवा कॅगने कुठे म्हटलं? कुठेच नाही. प्रश्न दलालीचा आणि निवडीच्या पद्धतीचा होता. तोफ उत्तम होती हे १९९९ मध्ये कारगिलने दाखवून दिलं, आणि दलालीचा छडा मात्र न्यायालयात शेवटपर्यंत लागला नाही.

मग तीस वर्षं गेली कुठे? मूळ करारातच तंत्रज्ञान हस्तांतराची तरतूद होती. तोफेची रेखाचित्रं आपल्याकडे आली आणि वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली. त्यांच्याच आधारे पुढे जबलपूरला ‘धनुष’ तयार झाली, आणि तिच्या पहिल्या सहा तोफा लष्कराला मिळाल्या एप्रिल २०१९ मध्ये! ही रेखाचित्रं कोणत्याही संसदीय समितीने कपाटात ठेवली नव्हती. १९९९ मध्ये लष्कराने तोफखान्याच्या आधुनिकीकरणाची मोठी योजना आखली. त्यानंतर निविदा निघाल्या, चाचण्या झाल्या, निविदा रद्द झाल्या, पुन्हा निघाल्या. २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेची डेनेल ही शस्त्रनिर्माती कंपनी काळ्या यादीत गेली. २००९ मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या माजी प्रमुखांवरच्या सीबीआय प्रकरणात सिंगापूरच्या कंपनीचं नाव आलं, व्यवहार थांबले, आणि २०१२ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ती धरून सहा कंपन्यांवर दहा वर्षांची बंदी घातली. हे सगळे निर्णय मंत्रालयाचे. लाचखोर दलालाला शिक्षा करण्याऐवजी अख्खी कंपनी बाद करायची आणि सैन्याला पुन्हा पहिल्या पायरीवर आणून बसवायचं, हे धोरण सरकारांनी स्वतः निवडलं.

पुढचा घटनाक्रम तर दावा मुळातूनच उखडतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये १४५ एम-७७७ तोफांचा करार झाला. मे २०१७ मध्ये १०० के-९ वज्रचा झाला. मार्च २०२५ मध्ये ३०७ ‘अटॅग्ज’ तोफांचा सुमारे ६,९०० कोटींचा करार झाला, तोही पुण्यातल्या एआरडीई या सरकारी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या तोफेचा, आणि त्यातला मोठा वाटा पुण्याच्याच भारत फोर्जला मिळाला. या काळात कॅगचे अहवाल तपासणारी संसदेची लोकलेखा समिती होती, संरक्षणविषयक स्थायी समिती होती, कॅगही होतं, आणि त्यांचे अधिकार तसूभरही कमी झालेले नव्हते. अडथळा संसद होती तर या तोफा आल्या कशा?

‘प्रत्येक खरेदी समित्यांकडे अडकते’ हा दावा प्रक्रिया माहीत नसल्यामुळे खपतो. कारगिलनंतर, २००१ मध्ये संरक्षण अधिग्रहण परिषद स्थापन झाली. संरक्षणमंत्री तिचे अध्यक्ष असतात. ती गरज मान्य करते, मग निविदा मागवल्या जातात, तांत्रिक छाननी होते, राजस्थानच्या वाळवंटापासून लडाखच्या थंडीपर्यंत चाचण्या होतात, किमतीची वाटाघाट होते आणि मोठा व्यवहार असेल तर पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची मंत्रिमंडळाची सुरक्षाविषयक समिती शिक्कामोर्तब करते. या साखळीत संसदेची एकही कडी नाही. स्थायी समितीला मंत्रालयाच्या दैनंदिन कारभारात लक्ष घालायला नियमानेच मनाई आहे, आणि तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. कॅग खर्च झाल्यानंतर तपासतं. जो दरवाजावर उभाच नाही, तो गाडी अडवणार कशी?

गाडी कुठे अडते याचा शोध खुद्द मंत्रालयाने घेतला होता. आपल्या धुळ्याचे डॉ. सुभाष भामरे संरक्षण राज्यमंत्री असताना तयार झालेल्या अंतर्गत अहवालातले निष्कर्ष वृत्तपत्रांत आले. तीन आर्थिक वर्षांतल्या १४४ प्रस्तावांपैकी जेमतेम ८ ते १० टक्के ठरलेल्या मुदतीत पूर्ण झाले होते. कारणं होती एकाच फाइलवर अनेक विभागांच्या फेऱ्या, आणि विलंबासाठी कोणा एकाला जबाबदार धरायची सोय नसणं. त्यात संसदेचं नाव नाही.

उलट संसदेबद्दल माझी तक्रार नेमकी विरुद्ध आहे. ती पुरेसं पाहतच नाही. २०२५-२६ चा संरक्षण अर्थसंकल्प सुमारे ६ लाख ८१ हजार कोटींचा होता. राज्यघटनेच्या अनुच्छेद ११३ प्रमाणे या मागण्यांवर लोकसभेने मत द्यायचं असतं. प्रत्यक्षात २०१८ आणि २०२३ मध्ये सगळ्याच मंत्रालयांच्या मागण्या, संरक्षणासकट, चर्चेविना एका झटक्यात मंजूर झाल्या. हे ज्यांना ‘लुडबूड’ वाटतं, त्यांनी त्या दिवसांचं कामकाज काढून पाहावं.

आता गुपितांचा मुद्दा. तो गंभीर आहे आणि त्याला गंभीरपणेच उत्तर द्यायला हवं.

कॅगने मे २०१५ मध्ये दारूगोळ्यावरचा अहवाल संसदेत मांडला. साठा ४० दिवसांच्या युद्धाला पुरेल एवढा असावा असा निकष होता. मार्च २०१३ मध्ये निम्मे प्रकार दहा दिवसांनाही पुरणार नव्हते. २०१७ च्या पाठपुरावा अहवालात सप्टेंबर २०१६ ची स्थिती आली. तपासलेल्या १५२ प्रकारांपैकी ६१, म्हणजे ४० टक्के, अजूनही दहा दिवसांच्या खालीच. यावर आरडाओरड झाली ती कॅगने सांगितलं म्हणून. साठा का नव्हता, हा प्रश्न मागे पडला. पण ही टंचाई काही कॅगने शोधून काढलेली नव्हती. २०१२ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुखांनी पंतप्रधानांना लिहिलेल्या पत्रात रणगाड्यांच्या दारूगोळ्याची ओरड होतीच, आणि ते पत्र फुटलंही होतं. शेजारी देशांच्या गुप्तचरांना आपल्या डेपोंची माहिती मिळवायला कॅगच्या अहवालाची वाट पाहावी लागते असं मानणं भोळेपणाचं आहे. अंधारात राहतो तो इथला नागरिक, आणि त्याचा खासदार. उरीतल्या दहशतवादी हल्ल्यानंतर तातडीच्या खरेदीचे अधिकार सैन्यदलांना मिळाले, जुलै २०१७ मध्ये उपलष्करप्रमुखांचे अधिकार आणखी वाढले. टंचाई उघड्यावर आलेली नसती, तर एवढी घाई झाली असती असं मला वाटत नाही.

त्याच २०१५ च्या अहवालात आणखी एक गोष्ट होती, जिची फारशी चर्चा झाली नाही. दारूगोळा डेपोंमधल्या अग्निसुरक्षेत उणिवा आहेत, आगीचा धोका आहे, असं त्यात लिहिलं होतं. वर्षभराने, ३१ मे २०१६ च्या पहाटे, वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा डेपोत रणगाडाविरोधी सुरुंगांच्या साठ्याला आग लागली. दोन अधिकारी आणि डेपोच्या अग्निशमन दलातली माणसं धरून सोळाहून अधिक जणांचा जीव गेला. आसपासची गावं रात्रीतून रिकामी करावी लागली. अहवाल वेळीच मनावर घेतला असता तर आग टळलीच असती असा दावा मी करणार नाही, कारण सदोष सुरुंगांचा प्रश्न वेगळाच होता. पण धोक्याची सूचना देणाऱ्यालाच गप्प करा, असं पुलगावच्या राज्यातल्या माणसाने म्हणावं, याचं मला फार वाईट वाटतं.

गुप्तता राखून हिशेब घेता येत नाही, हेही खरं नाही. संसदीय समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत साक्षी गोपनीय असतात. फेब्रुवारी २०१९ च्या राफेलवरच्या अहवालात कॅगने किमतीचे आकडे झाकले होते. संरक्षणावरचे अहवाल संकेतस्थळावर टाकायचे नाहीत, असा निर्णय घेतल्याचं तत्कालीन महालेखापरीक्षक राजीव महर्षी यांनी २०२० मध्ये सांगितलं. या सवलती जास्तच आहेत असं माझं मत आहे, पण निदान त्या असताना ‘सगळं उघड्यावर मांडलं जातं’ असं कोणी म्हणू नये. आणि या बाबतीत आपल्याला आदर्श शोधायला लांब जायला नको. १९६२ च्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्या पराभवाची कारणं तपासणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल त्यांनी प्रसिद्ध केला नाही, पण २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत उभं राहून त्यातले धडे सांगितले. प्रशिक्षणातल्या त्रुटी सांगितल्या, आणि साधनसामग्रीची एकूण कमतरता होती हेही मान्य केलं. युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं आणि चीन सीमेवरच होता.

परदेशांविषयीचा दावा दोन वाक्यांत निकाली निघतो. जर्मनीत अडीच कोटी युरोंवरचा प्रत्येक संरक्षण करार सहीआधी संसदेच्या अर्थसंकल्प समितीकडून मंजूर करून घ्यावा लागतो, आणि युक्रेन युद्धानंतर १०० अब्ज युरोंचा विशेष निधी उभारल्यावरही ही अट कायम राहिली. अमेरिकेत एखाद्या शस्त्रप्रणालीचा खर्च ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की काँग्रेसला कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि वाढ फारच मोठी असेल तर तो प्रकल्प का चालू ठेवायचा याचं समर्थन द्यावं लागतं. आपल्याकडे यातलं काहीच नाही.

राहता राहिलं ‘खासदारांना काय कळतं?’ मार्च २०१८ मध्ये निवृत्त मेजर जनरल आणि खासदार भुवनचंद्र खंडुरी यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थायी समितीसमोर उपलष्करप्रमुख लेफ्टनंट जनरल सरथ चंद यांनी साक्ष दिली. लष्कराची ६८ टक्के सामग्री जुनाट आहे, २४ टक्के सध्याच्या पिढीची आणि फक्त ८ टक्के अत्याधुनिक, असं त्यांनी सांगितलं. आधुनिकीकरणासाठी २१,३३८ कोटी मिळाले होते आणि आधीच्या करारांचे हप्तेच २९,०३३ कोटींचे होते. लष्कराला हे देशासमोर सांगायला दुसरी कुठली जागा होती? सैनिकाला पत्रकार परिषद घेता येत नाही. समितीने त्याचं म्हणणं अहवालात छापलं, आणि आधुनिकीकरणाचा पैसा ३१ मार्चला परत जाऊ नये म्हणून न सरणारा निधी उभारा, असा आग्रह तिने वर्षानुवर्षं धरला. पुढे पंधराव्या वित्त आयोगानेही अशा निधीची शिफारस केली. साक्षीनंतर सहा महिन्यांनी, सप्टेंबर २०१८ मध्ये, खंडुरींच्या जागी दुसरे अध्यक्ष आले. सैन्याच्या बाजूने बोलणाऱ्या समितीबद्दल संताप व्यक्त करताना हे लक्षात ठेवायला हवं.

या मजकुरात एक गोष्ट खरी आहे. अधिकारी सही करायला घाबरतात. सीबीआय, दक्षता आयोग आणि कॅग यांच्या धास्तीने फाइल ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून परत पाठवली जाते, आणि प्रामाणिक माणसाला निवृत्तीनंतर चौकशीला सामोरं जावं लागतं. यावर इलाज आहे. निर्णयाची कारणं त्या त्या वेळी लिहून ठेवणं, आणि चुकलेला निर्णय व भ्रष्ट निर्णय यांत कायद्याने फरक करणं. तातडीची वेळ आली की व्यवस्था वेगाने हलू शकते, हेही दिसलं आहे. ऑपरेशन सिंदूरनंतर, जून २०२५ मध्ये, तातडीच्या तरतुदीखाली १३ करार, जवळजवळ १,९८२ कोटींचे, झाल्याचं मंत्रालयानेच जाहीर केलं. त्यासाठी संसदेला बाजूला सारावं लागलं नाही.

आणि आता पुढचं. हवाई दलाला मंजूर असलेल्या स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्या, ४२ आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर २९ उरल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये मागवलेल्या ८३ तेजस मार्क-१ए विमानांचा पुरवठा मार्च २०२४ पासून सुरू व्हायचा होता. इंजिनं अमेरिकेतून वेळेवर आली नाहीत, पहिलं आलं ते मार्च २०२५ मध्ये. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकच्या ओझरमधल्या नव्या उत्पादन मार्गिकेवर तयार झालेलं पहिलं मार्क-१ए उडालं, आणि त्याच्या महिनाभर आधी आणखी ९७ विमानांचा ६२,३७० कोटींचा करार झाला होता. पहिली ८३ विमानं कधी मिळणार, उशिराबद्दल दंड कोणाकडून आणि किती वसूल झाला, ओझरची क्षमता वर्षाला किती, आणि पुढच्या ९७ विमानांच्या इंजिनांची हमी कोणी घेतली आहे? हे प्रश्न नाशिकच्या, पुण्याच्या, वर्ध्याच्या खासदारांनी पुढच्या अधिवेशनात लेखी विचारावेत, आणि आपण मतदारांनी त्यांना तसं पत्र लिहावं.